वाईनला चकणा नको, जेवण हवं: हलका स्वयंपाक आणि एक ग्लास

फोडणीवाली

वाईन म्हटलं की आपल्याकडे दोन चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक, काडीला टोचलेले चीजचे तुकडे आणि क्रीममध्ये बुडालेला पास्ता. दुसरं, चकणा. दोन्ही जड. बाटली संपेस्तोवर पोट तुडुंब होतं आणि जेवण राहूनच जातं. माझं म्हणणं असं की वाईनला चकणा नकोच, जेवण हवं. आणि आपलं वाफवलेलं, लसूण-कोथिंबीर-लिंबाचं साधं जेवण नाशिकच्या पांढऱ्या वाईनबरोबर जे लागतं, ते पनीर पकोड्यांना जमत नाही.

आमच्याकडे शनिवारी रात्री कुकर लागत नाही. एकच पदार्थ, दोघांनी मिळून निवडायचा, चिरायचा, करायचा. फोन दुसऱ्या खोलीत. वाईन अर्धा कप पातेल्यात आणि एकेक ग्लास ओट्यावर. आठवडाभर भाजी-पोळी-डबा या चक्रात स्वयंपाक ही उरकायची गोष्ट होऊन बसते. शनिवारी ती तशी राहत नाही. आराम वाटायला केलेला आमचा छोटासा विधी, एवढंच.

सध्याचा आवडता पदार्थ तिसऱ्या, म्हणजे खाडीतले छोटे शिंपले. साधारण किलोभर घ्या, वजन शिंपल्यांचंच असतं, दोघांना पुरतात. वाट्यावर मिळत असतील तर मोठा वाटा. घरी आणल्यावर मिठाच्या पाण्यात तासभर ठेवायच्या म्हणजे पोटातली रेती टाकतात. मग चोळून धुवायच्या. एखादीचं तोंड उघडं असेल आणि टिचकी मारूनही मिटत नसेल तर ती मेलेली, टाकून द्यायची. पसरट स्टीलच्या पातेल्यात दोन चमचे ऑलिव्ह तेल, आठ-दहा पाकळ्या लसूण ठेचून, मंद आच. लसूण लाल करायची नाही, वास सुटला की पुरे. एक हिरवी मिरची उभी चिरून. आता आच मोठी, तिसऱ्या आत, लगेच अर्धा कप पांढरी वाईन, वर झाकण. आधी चरचर ऐकू येते, मग शिंपल्यांचा खडखडाट. चार-पाच मिनिटांत तोंडं उघडतात. उघडली की उतरवा, त्यापुढे रबर होतं. मीठ घालू नका, तिसऱ्यांचं स्वतःचं पाणी खारं असतं. वरून मूठभर कोथिंबीर देठांसकट, अर्धं लिंबू. ज्या उघडल्या नाहीत त्या खायच्या नाहीत. तळाशी जो रस उरतो तो पावाने पुसून घ्यायचा. खरं जेवण तेच.

वाईन सॉव्हिन्यॉन ब्लाँ किंवा कोरडी, म्हणजे गोड नसलेली, शेनिन ब्लाँ; दोन्ही पांढऱ्या. पातेल्यासाठी वेगळी स्वस्त बाटली आणायच्या फंदात पडू नका. जी प्यायला नको वाटते ती आटल्यावर जास्तच नको वाटते.

तुमच्याकडे काय करता ते लिहा. शाकाहारी प्रकार विशेष हवे आहेत.

माडाखाली

अगो बाय, तिसऱ्यांत खोबरा नाय?

आमच्याकडे तिसऱ्यांचं एकशिपी, भाजक्या वाटणाचं. आमच्या आईला तुमची पाककृती वाचून दाखवली तर म्हणाली, "आजाऱ्यासाठी केलंय काय?" पण करून बघणार. अवांतर: पावसाळ्यात तिसऱ्या घेऊ नका, गढूळ पाण्यातल्या असतात, तासभर काय रात्रभर ठेवल्या तरी रेती जात नाही.

लिस्बनकर

फोडणीवाली, तुम्ही जे केलंत ते इथे पोर्तुगालमध्ये जवळपास प्रत्येक समुद्रकाठच्या खानावळीत मिळतं. नाव आमेइजुआश आ बुल्यांव पातु. तिसऱ्यांचेच चुलतभाऊ, ऑलिव्ह तेल, भरपूर लसूण, लिंबू, कोणी पांढरी वाईन घालतं, कोणी नाही. आणि कोथिंबीर! युरोपात इतरत्र रोजच्या स्वयंपाकात ओली कोथिंबीर फारशी दिसत नाही, इथे मात्र बाजारात जुड्याच्या जुड्या. आलेंतेजु भागात तर कोथिंबीर, लसूण, ऑलिव्ह तेल, गरम पाणी आणि शिळा पाव एवढ्यावर सूप होतं, वर एक अंडं सोडतात. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा परक्या देशात आहे असं वाटेना.

बरोबर बहुतेकदा व्हिन्यु व्हेर्द. वायव्येकडच्या पावसाळी मिन्यु प्रांतातली, लवकर प्यायची, आंबटसर, किंचित फसफसणारी. अल्कोहोल अनेकदा १० ते ११ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या १२-१३ टक्क्यांपेक्षा कमी. एक ग्लास घेऊन लोक दुपारी कामाला जातात. तुमच्या "हलकं" या अटीत ही चपखल बसेल.

गोव्याच्या विंदालूचं मूळही इथलंच, वाईन आणि लसणीत मुरवलेलं डुकराचं मांस. गोव्यात वाईनची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली आणि मिरची आली. पण ते हलकं जेवण नव्हे, म्हणून इथेच थांबतो.

खलबत्ता

पेशाने डॉक्टर आहे, त्यामुळे आता थोडं पाणी ओततो. पाककृती छान आहे, काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

एक: "शिजवल्यावर दारू उडून जाते" हा समज चुकीचा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याचे तक्ते बघा. वाईन घालून १५ मिनिटं शिजवलं तर सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतं, अर्ध्या तासाने ३५, तासाभराने २५, अडीच तासांनी ५ टक्के. तिसऱ्या पाच मिनिटांत होतात, म्हणजे बरंचसं रसातच राहतं. अर्ध्या कपात मुळात फार नसतं हे खरं, पण लहान मुलं, गरोदर बाई, दारू सोडलेला माणूस किंवा धर्माने वर्ज्य असलेला पाहुणा ताटावर असेल तर सांगितलंच पाहिजे.

दोन: रेड वाईन हृदयाला चांगली, हे १९९१ साली अमेरिकेत टीव्हीवर फ्रेंच लोकांच्या आहाराबद्दल एक कार्यक्रम झाल्यावर फार पसरलं. त्या काळच्या बऱ्याच अभ्यासांत "न पिणारे" या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले जात, त्यामुळे पिणारे निरोगी दिसत. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की दारूची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा सांगता येत नाही. आवडते म्हणून प्या, औषध म्हणून नको.

तीन: १५० मिलीच्या एका ग्लासात साधारण १२० कॅलरी, म्हणजे दीड पोळी. मधुमेहाच्या गोळ्या, विशेषतः मेटफॉर्मिन, चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच, आणि उपाशीपोटी अजिबात नाही. मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक चालू असेल तर थेंबही नाही.

फोडणीवाली

खलबत्ता, धन्यवाद. पाहुण्यांना सांगायचा मुद्दा पटला. "हलकं" मी जेवणाला म्हणतेय, वाईनला नाही.

खरडछाटणी

दिंडोरी तालुक्यात बाग आहे, काही एकर खायची द्राक्षं आणि थोडी वाईनची. इथे सगळे बाटलीपासून सुरुवात करतात म्हणून वेलीकडचं थोडं सांगतो.

फ्रान्स-इटलीत द्राक्ष सप्टेंबरात काढतात, कारण थंडीत तिकडे वेल झोपतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही, त्याला छाटून वळवावं लागतं. एप्रिलात खरड छाटणी, तीत काडी, म्हणजे पुढे घड धरणारी फांदी, तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी बहाराची छाटणी, तिच्यावर घड येतात. काढणी जानेवारी ते मार्च. म्हणजे फळ पिकतं ते थंडीत, दिवसा ऊन आणि रात्री गारठा. या गारठ्यामुळे मण्यात आंबटपणा टिकतो. साखर चढत जाते तसा आंबटपणा उतरत जातो, या दोघांचा मेळ बसला त्या आठवड्यात घड उतरवायचे. पांढऱ्यासाठी काढणी पहाटे, ऊन चढायच्या आत, म्हणजे मणी गार असताना कारखान्यात पोहोचतात. वाईनचा मणी लहान, जाड सालीचा, बी असलेला. थॉमसन किंवा सोनाका या बिनबियांच्या खायच्या द्राक्षांची सवय असलेला पाहुणा तोंडात टाकतो आणि थुंकतो.

आता फोडणीवाली ताईंच्या मुद्द्याकडे. नाशिकची सॉव्हिन्यॉन आंबटसर असते म्हणून ती लिंबू-कोथिंबिरीच्या जेवणाला धरून चालते. वाईन जेवणापेक्षा कमी आंबट असेल तर पचपचीत लागते. एवढा एक नियम पाळला तरी पुस्तकं वाचायची गरज नाही.

आमच्याकडे काढणीच्या दिवसांत ओला हरभरा भाजायचा, सोबत हुरडा, काकडी, ताजं दही. बाहेर शेकोटी, शेनिनची एक बाटली चार जणांत. याच्यापेक्षा हलकं जेवण मला माहीत नाही.

बाकी, हा धंदा वाटतो तितका रोमँटिक नाही. नारायणगावच्या शातो इंडाज वायनरीने ऐंशीच्या दशकात फसफसती वाईन परदेशात पाठवली, २००० साली नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाईन आली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, मग आमच्याकडे लाटच आली. २००८ नंतर मागणी बसली. ज्यांच्याशी करार होता त्या वायनरीने आमचे पैसे दोन हंगाम लटकवले. भावकीतल्या काहींनी वाईनचे वेल तोडून पुन्हा थॉमसन लावली. मी अर्धे ठेवले. बायको अजून म्हणते, अर्धे का?

दुसरी_वाफ

काका, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून लिहा. वाचनखूण साठवली.

शाकाहारी प्रकार: अळिंबी, म्हणजे मशरूम. बटन चालेल, धिंगरी (ऑयस्टर) मिळाली तर फार छान, हाताने फाडायची. धुवून निथळत ठेवू नका, ओल्या फडक्याने पुसा. पसरट पॅन खूप तापवायचा, अगदी थोडं तेल, अळिंबी एका थरात आणि हलवायची नाही. मीठही नाही. मीठ आधी घातलं की पाणी सुटतं आणि अळिंबी त्या पाण्यात शिजत बसते. खालून तपकिरी झाली की परतायची, मग लसूण, मिरपूड, मीठ. पॅनच्या तळाला जे खरपूस चिकटलेलं असतं त्यावर पाव कप वाईन ओतायची आणि उलथन्याने खरवडायचं. दोन मिनिटांत आटून चकचकीत रस होतो. बाजूला चिरलेला पालक नुसता गरम पॅनमध्ये मऊ करून. ज्वारीच्या भाकरीबरोबर खा, पावापेक्षा भाकरी जास्त शोभते. अळिंबीला लाल वाईनही चालते, हलकी असेल तर.

दोन सूचना. हे लोखंडी कढईत करू नका, वाईनच्या आंबटाने रस काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते. साध्या ॲल्युमिनियममध्येही नको. आणि डाळीत किंवा कडधान्यात वाईन घालायची हौस आली तर ती शिजल्यावर, आधी नाही. चिंच आधी घातल्यावर जे होतं तेच होतं, डाळ शिजतच नाही.

संत्रानगरी

आम्हा विदर्भवाल्यांचं काय? सगळीकडे लिहिलेलं असतं, "रेड वाईन रूम टेंपरेचरला द्या." मे महिन्यात आमची रूम ४० अंशांच्या वर असते भाऊ. तो सल्ला युरोपातल्या जुन्या थंड घरांसाठी आहे, १६ ते १८ अंश. इथे रेडसुद्धा पिण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये टाकायची, पांढरी ८ ते १२ अंशांवर.

आणि दुकानात बाटली उन्हात उभी आहे का ते बघून घ्या. आमच्या भागातल्या एका दुकानातून आणलेली बाटली उघडली तर बूच वर सरकलेलं आणि वास शिजवलेल्या जॅमचा. परत घ्यायला तयार नाही, म्हणे "वाईन जुनीच चांगली." जुनी वेगळी, झळ लागलेली वेगळी.

सावजीबरोबर वाईन घ्यायचा प्रयोग करू नका. तिखटावर अल्कोहोल गेलं की जळजळ वाढते, रेडमधला तुरटपणा कडू लागतो. दोन्हीचा अपमान.

माडाखाली

संत्रानगरी, मग आमच्या माशांचं काय करायचं? तिखलं, आंबट तीख, सगळ्यात मिरची आहेच की.

लिस्बनकर

थोडी गोडसर वाईन घ्या. शेनिनच्या काही बाटल्या किंचित गोड असतात, मध्यम तिखट त्या पेलतात. लाल मात्र माशाबरोबर सांभाळून, लाल वाईनमधल्या लोहाच्या अंशामुळे माशाचा वास तोंडात चढतो. सुरमईचा तुकडा केळीच्या पानात बांधून, आत आलं, हिरवी मिरची, दोन चमचे वाईन, दहा-बारा मिनिटं वाफवून बघा.

निरांजन

सगळ्यांचा रंग बघून लिहू की नको असा विचार केला. लिहिते.

आमच्या घरीही "शनिवारी एक" होतं. वडिलांचं. आई छान करायची, कोलंबी, कबाब, प्लेट सजवून. माणसं कौतुक करायची की यांच्याकडे बघा कसं सगळं रीतसर. मग शनिवारचा शुक्रवार झाला, मग आठवड्यातला कुठलाही दिवस जो कठीण गेला तो. कठीण दिवस माणसाला रोज सापडतो. "आराम वाटायला" आणि "विधी" हे शब्द एकत्र आले की मला भीती वाटते, कारण विधी चुकवला की चुकल्यासारखं वाटतं. तिसऱ्या वाफवायला वाईन घाला, मजेत खा. पण थकवा घालवायचा उपाय म्हणून ग्लासाकडे बोट दाखवू नका, एवढंच.

खलबत्ता

निरांजन यांना अनुमोदन. एक वैद्यकीय भर. झोप लागायला मदत होते असं लोक म्हणतात. लागते लवकर, पण उत्तररात्री मोडते. दुसऱ्या दिवशीचा थकवा तिथून येतो आणि संध्याकाळी पुन्हा तोच उपाय आठवतो.

फोडणीवाली

निरांजन, लिहिलंत ते बरं केलंत. तुमच्याशी वाद नाही. आम्ही घरात साठा ठेवत नाही, बाटली लागेल तेव्हाच आणतो, आणि ज्या आठवड्यात भांडण झालंय किंवा कोणाचं डोकं उठलंय त्या शनिवारी पिठलं-भात. हे ठरवून केलं, आपोआप झालं नाही. पण तुमचा "कठीण दिवस रोज सापडतो" हा मुद्दा नवऱ्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला महिनाभर वाईनशिवाय शनिवार करून बघूया, जेवण तेच. बघते.

आमसुली

मग माझा प्रतिसाद वेळेवर आला म्हणायचा. आमच्याकडे कोणीच पीत नाही, पण शनिवारचा थाट तोच असतो. आमसुलं तासभर कोमट पाण्यात, कुस्करून गाळून, सैंधव, भाजलेलं जिरं, साखर जवळजवळ नाही. गार करून पायाच्या ग्लासात. रंग बघून पाहुणे फसतात. तिसऱ्यांसाठी वाईनऐवजी अर्धा कप पाणी आणि लिंबू थोडं जास्त.

एक शंका: कच्च्या द्राक्षांचा आंबट रस स्वयंपाकात वापरतात असं वाचलंय. खरडछाटणी काका, विरळणीत तुम्ही जे हिरवे मणी काढता ते मिळतील का? वाईनला पर्याय म्हणून मस्त होईल.

खरडछाटणी

अजिबात खाऊ नका! कल्पना चांगली आहे, फ्रेंच लोक तो रस वापरतातही, पण आमच्या बागेत विरळणीच्या वेळेला फवारण्या जोरात असतात. बुरशीची औषधं, शिवाय खायच्या द्राक्षावर मणी फुगवायचं संजीवक. काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची याचे नियम आहेत, ते पिकलेल्या घडासाठी पाळतात. विरळणीचे मणी जमिनीवर पडायचेच असतात, त्यांच्यासाठी कोणी थांबत नाही. परसात विनाफवारणीचा वेल असेल तर खुशाल काढा.

तळजाईकर

अर्धी बाटली उरली तर किती दिवस टिकते? आमच्याकडे दोघांत एक ग्लास होतो आणि बाकी मोरीत जाते.

दुसरी_वाफ

मोरीत काय! झाकण घट्ट लावून, उभी, फ्रीजमध्ये. पांढरी तीन-चार दिवस प्यायला बरी, रेडही साधारण तेवढीच. त्यानंतर बर्फाच्या साच्यात ओतून गोठवा आणि भाजीत एकेक खडा टाका. पूर्ण कडक होत नाही, अल्कोहोलमुळे, पण काम भागतं. क्रीम असलेल्या पदार्थात टाकायची तर आधी वाईन आटवून घ्या, मग आच कमी करून क्रीम. उलट केलंत तर फाटतं.

फोडणीवाली

रेड उरली असेल तर अंजीर. पुरंदरचे ताजे अंजीर बाजारात आले की घट्टसर बघून घ्यायचे, फार पिकलेले विरघळतात. एक कप वाईन, दोन चमचे गूळ, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, संत्र्याच्या सालीची पट्टी, पांढरा भाग न घेता. हे निम्मं होईपर्यंत आटवायचं, मग अंजीर उभे ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं, रस वरून चमच्याने घालत राहायचं. गार करून घट्ट दह्याबरोबर. खलबत्तांनी वर सांगितलंय तसं, यातही अल्कोहोल राहतं, तेव्हा मुलांसाठी चार अंजीर आधीच बाजूला काढा.

तळजाईकर

सासवडचा आहे मूळचा. अंजीर घरापर्यंत पोहोचले तर शिजवीन.